मी खोडलेलं कलम

प्रिय ठकू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, असं तुझी आई म्हणाली. ठेव. फक्त टाकून देऊ नकोस. मी सकाळच्या वेळी बरा असतो. दुपारनंतर शब्द हाताशी येत नाहीत, म्हणून रोज नाश्ता झाला की तासभर लिहितो. आज चौथा दिवस. रोज पहिल्यापासून वाचायचं आणि मग पुढे जायचं, अशी पद्धत ठेवली आहे. तरीही एखादी गोष्ट दोनदा आली तर हसू नकोस. किंवा हस. तू हसलीस तर मला बरंच वाटेल.

घरचं सगळं ठीक आहे. आईने पुन्हा गाडी चालवायला सुरुवात केली आहे. शेजारच्या गाडीला एकदा घासली आणि वर शेजाऱ्यालाच सुनावून आली. रविवारी दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते आणि पाऊण तास खाली येत नाही. दोन माणसांचे कपडे वाळत घालायला पाऊण तास लागतो का गं? तुझ्याशीच बोलते हे मला तू गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने ते बंद केलं असतं, आणि खाली आल्यावर तिच्या चेहऱ्यावरून तुझी जी काही खबर मला मिळायची, तीही गेली असती. तुला नव्या नोकरीत बढती मिळाली ते मला असंच कळलं. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

आता मुख्य बातमी. मी कारखान्यातली खुर्ची सोडतो आहे. पुढच्या सोमवारी सगळ्यांना सांगायचं ठरलं आहे. मला विसरण्याचा आजार आहे. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं. ते मी विसरलो असं लिहिलं असतं तर चांगला विनोद झाला असता, पण ते मला पाठ आहे. लिहावंसं वाटत नाही, एवढंच. तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी पाच शब्द सांगितले आणि म्हणाल्या, थोड्या वेळाने विचारीन. मी काय केलं माहीत आहे? टेबलाखाली हात नेऊन पेनाने तळहातावर ते शब्द लिहिले. अडुसष्टाव्या वर्षी, चारशे माणसांच्या पंपांच्या कारखान्याचा मालक, परीक्षेत कॉपी करत होता. बाईंनी पाहिलं. फाइल मिटली आणि म्हणाल्या, "साहेब, इथे नापास कुणीच होत नाही." मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मग आईने माझा तो हात स्वतःच्या हातात घेतला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. तिच्या तळव्यावरही शाई उमटली होती.

मी डॉक्टरांकडे कसा पोचलो, ते तुला आईने सांगितलं नसणार. मीच तिला शपथ घातली होती. मागच्या महिन्यात गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हरने डिकी उघडली, जास्तीचं चाक उचललं आणि म्हणाला, "साहेब, इथे ही नळी कसली?" निळी प्लास्टिकची नळी. वर माझ्या अक्षरात लिहिलेलं, 'सांभाळून ठेवणे'. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ती उघडली. आत मोठ्या पंपाची ड्रॉइंग्ज होती, ठकू. सगळीच्या सगळी. नऊ.

तीच ड्रॉइंग्ज, जी मिस्त्रींनी बाहेर विकली असं मी म्हणालो होतो.

मी ती तिथे कधी ठेवली, का ठेवली, मला आजही आठवत नाही. कुणी चोरेल म्हणून मीच लपवली असणार. मिस्त्री माझ्याबरोबर एकतीस वर्षं होते. आपली पहिली शेड होती, तिचे पत्रे आम्ही दोघांनी शिडीवर चढून ठोकले. पंप सुरू केला की कान लावून ते सांगायचे, आतला पंखा किती घासतोय, आणि उघडून पाहिलं तर तेवढाच घासलेला असायचा. त्या माणसाला मी सगळ्या कामगारांसमोर फाटकाबाहेर काढलं. ते फक्त चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले.

बोललीस ती तू. माझ्या केबिनचं दार लावून घेतलंस आणि म्हणालीस, "बाबा, मिस्त्रींनी काही केलेलं नाही. तुम्हाला बरं नाहीये. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला." किती हळू बोललीस. लहानपणी मी तापाने फणफणलो की उशाशी येऊन बोलायचीस तशी. आणि मी ओरडलो. काय काय बोललो ते तुला शब्दन् शब्द आठवत असेल. मला शेवटचं वाक्य आठवतं, "तुला माझी खुर्ची हवी आहे, म्हणून मला वेडा ठरवतेस." तुझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घ्यायला मी फाटकाच्या चौकीवरच्या माणसाला वर बोलावलं. तो बिचारा दारातच थिजला. शेवटी तूच ते काढलंस, टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. त्याला दीड वर्ष झालं.

नळी सापडली तसा मी घरी न जाता मिस्त्रींकडे गेलो. ड्रायव्हरला घर माहीत होतं, मला नव्हतं. एकतीस वर्षांत मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो, हे मला त्यांच्या दारात उभं राहिल्यावर कळलं. दुसरा मजला, अरुंद जिना, दाराशी चपलांचा एकच जोड. वहिनींनी दार उघडलं. मला पाहून त्या बाजूला झाल्या नाहीत. मी म्हणालो, "मिस्त्री आहेत का? ड्रॉइंग्ज सापडली." त्यांनी माझ्या हातातल्या नळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यांना जाऊन पाच महिने झाले, साहेब. हृदय बंद पडलं." मी काय बोललो कोण जाणे. त्या पुढे म्हणाल्या, "रोज संध्याकाळी विचारायचे, साहेबांचा फोन आला होता का? मी म्हणायची, नाही. मग म्हणायचे, येईल, त्यांना सध्या बरं नाहीये." आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. तुलाही माहीत होतं. नंतर जुने कागद काढून बसलो तेव्हा दिसलं, माझ्या चुकलेल्या आकड्यांवर, तुम्ही दोघं होतात तोवरची शेवटची दोन वर्षं, पेन्सिलीने बारीक दुरुस्ती केलेली आहे. काही ठिकाणी अक्षर मिस्त्रींचं, काही ठिकाणी तुझं. तुम्ही दोघं मला न दुखवता सांभाळत होतात, आणि मी तुम्हा दोघांनाच हाकललं.

त्याच आठवड्यात मी आपणहून आईबरोबर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाईंना मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्या खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "आजार थांबला असता असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला कळलं असतं. कामं सोपवता आली असती, मोठे निर्णय दुसऱ्या कुणाबरोबर बसून घेता आले असते. माणसं जपता आली असती." ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. मला ते उठता-बसता ऐकू येतं.

आता तुझ्या विम्याबद्दल. आपण दोघं त्यावर कधी बोललोच नाही. कंपनीतल्या वरच्या अकरा अधिकाऱ्यांसाठी खासगी आरोग्य विमा घ्यायचा, असा प्रस्ताव तू सहा महिने खपून तयार केला होतास. हृदय, साखर, डोळे या सगळ्यावर माझी हरकत नव्हती. सातव्या कलमात होतं, वर्षातून एकदा स्मरणशक्ती, लक्ष, झोप आणि मनावरचा ताण यांची तपासणी, गरज पडली तर तज्ज्ञांचा सल्ला, आणि अहवाल ज्याचा त्यालाच, कंपनीला नाही. बैठकीत तू उभी राहून सगळ्यांना समजावून सांगत होतीस, "मशीनचं बेअरिंग आवाज करायला लागलं की आपण ते थांबवून तपासतो. मग ज्यांच्या डोक्यावर हा कारखाना चालतो, त्यांना कुणी कधी विचारणार?" आणि मी लाल पेनाने ते कलम खोडलं. वर म्हणालो, "माझं डोकं तपासायला निघालीस? आधी स्वतःचं दाखवून ये." सगळे हसले. मालक हसला की हसावंच लागतं. तू कागद गोळा केलेस आणि खाली बसलीस. कानापर्यंत लाल झाली होतीस.

डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो प्रस्ताव पुन्हा मागवला आणि जसाच्या तसा मंजूर केला. पहिली तपासणी आपल्या खरेदीप्रमुखांनी करून घेतली. तेही हल्ली फार विसरायला लागले होते, मनातून हादरले होते, पण कुणाजवळ बोलत नव्हते. निघालं काय, तर झोपेत त्यांचा श्वास अडकतो आणि रात्रभर झोपच लागत नाही. तोंडावर लावायचं एक यंत्र मिळालं, महाराज आता ताजेतवाने झालेत. अहवाल दाखवायला माझ्याकडे आले आणि रडले. मीही रडलो. त्यांना वाटलं, त्यांच्या आनंदात.

आणखी एक गोष्ट तुला सांगायला हवी. तुझे आजोबा तापाने गेले असं आम्ही तुला सांगत आलो. ते खोटं आहे. त्यांनाही हेच झालं होतं. तेव्हा कुणाला नाव माहीत नव्हतं, लोक म्हणायचे, म्हातारा चळला. पाहुणे यायचे असले की मी त्यांना आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचो. मी एकोणीस वर्षांचा होतो. ते आतून दार वाजवायचे आणि मला माझ्या नावाने नाही, त्यांच्या भावाच्या नावाने हाक मारायचे. मी रेडिओ मोठा करायचो. डॉक्टर म्हणाल्या, वडिलांना झालं म्हणून मुलीला होईलच असं नाही, पण तिला माहीत असू द्या. म्हणून सांगितलं. तू घाबरू नकोस, पण वेळेवर दाखवत जा. माझ्यासारखं करू नकोस.

सोमवारी मी सांगितलं की सगळे हळहळतील. तुलाही फोन येतील. लोक म्हणतील, बिचारे साहेब, त्यांचा काय दोष, आजारच तसा. मिस्त्रींच्या बाबतीत कदाचित ते खरंही असेल, मला ठरवता येत नाही. पण ते कलम मी खोडलं, तेव्हाचं मला लख्ख आठवतं. त्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या वाहनतळात गाडीत वीस मिनिटं बसून होतो, कारण कुठल्या मजल्यावर जायचं ते आठवत नव्हतं. ती पहिली वेळ नव्हती. तिसरी होती. मी वर आलो, तू ते कलम वाचून दाखवलंस आणि मला कळलं की हे माझ्यासाठीच आहे, हे मला वाचवू शकेल. ते कळूनच मी पेन उचललं. तेव्हा आजार बोलत नव्हता, ठकू. मी बोलत होतो, आणि मला आतल्या खोलीची भीती वाटत होती.

हे सगळं मी माफीसाठी लिहिलेलं नाही. आजारी माणसाला माफी फुकट मिळते, आणि तशी मला नको. आईकडून कळलं की तू एवढ्यात येत नाहीस, राग शांत झाला की येईन म्हणतेस. तेवढी वाट पाहू नकोस. तुझा राग शांत होईल तेव्हा तुझ्यासमोर एक म्हातारा बसलेला असेल, त्याला तू काय बोलतेस ते कळणार नाही, आणि तू त्याची कीव करून परत जाशील. तो राग मग तुझ्याजवळच राहील, जन्मभर, कुणाला द्यायचा ते न कळून. म्हणून आत्ता ये. रागावलेलीच ये. सकाळी ये, नाश्त्यानंतर, तेव्हा मी पुरा असतो. जे त्या दिवशी केबिनमध्ये बोलायचं राहून गेलं, ते सगळं मोठ्याने बोल. मी मध्ये बोलणार नाही, आईलाही बोलू देणार नाही. तू माझ्याशी भांडावंस आणि कशाबद्दल भांडते आहेस हे मला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच,
बाबा