माकणीचा पंप मी बंद केला

आप्पा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी माझीच तक्रार घेऊन तुमच्यापुढं बसलेय. धाराशिवकडच्या आपल्या बेंबळीत, पाण्याच्या मोटारी दुरुस्तीच्या आपल्या दुकानात, एक गिऱ्हाईक तुम्हाला चारचौघांत नको ते बोललं होतं. मी सातवीत होते. रागाच्या भरात त्याच्या दुरुस्त झालेल्या स्टार्टरचं हिरवं बटण उचकटून मी दप्तरात लपवलं. संध्याकाळी तुम्हाला ते सापडतं. तुम्ही मारत नाही. सायकलवर बसवून मला त्याच्या शेतावर नेता, माझ्याच हातानं बटण परत द्यायला लावता आणि येताना एवढंच म्हणता, "त्याचं तोंड वाईट हाय, पर मोटार त्याची हाय. त्याचं पानी अडवायचा हक्क आपल्याला न्हाय." तेव्हा मला तुमचाच राग आला होता, खोटं कशाला सांगू.

आता मी पुण्यात सोलर पंपाच्या कंपनीत आहे. बाहेरच्या मिस्त्रीनं पंपाची पेटी उघडली की माझ्या स्क्रीनवर लाल खूण येते आणि मी इथूनच तो पंप बंद करते. पेटीत करंट असतो, अर्धवट माहितीचा माणूस जिवाला मुकेल, असं कंपनी म्हणते, आणि ते खोटं नाही. पण दुरुस्ती नीट झाली असली तरी आम्ही बंदच करतो. मालकानं विकत घेतलेली वस्तू, आणि त्याला विचारतसुद्धा नाही.

मागच्या उन्हाळ्यात माकणीच्या एका बाईंचा पंप असाच बंद केला. त्यांची मिरचीची रोपवाटिका होती. त्यांचा फोन आला, "ताई, रोपं करपायलीत. मिस्त्रीनं नुसती सुटलेली वायर जोडली हो. तिकडून चालू करा की." मी नियम वाचून दाखवला. साहेबांना विचारून, आमचा माणूस तपासायला पोचेपर्यंत पंप चालू ठेवायची आठ दिवसांची सवलत देता येते, पण त्या महिन्यात मी आधीच दोन मागितल्या होत्या. तिसरीसाठी बोलणी कोण खाणार, म्हणून मी विचारलंच नाही. आमचा माणूस सहाव्या दिवशी पोचला. वायर व्यवस्थित जोडलेली होती, म्हणाला. रोपं सगळी गेली होती.

हे पत्र कुठं टाकू, आप्पा? घडी करून पर्समध्येच ठेवणार आहे. पण एक राहिलं. फोन ठेवताना त्या बाईंनी विचारलं, "ताई, बोलणं आपल्याकडचं वाटायलंय. धाराशिवकडच्या का तुम्ही?"

मी म्हटलं, "नाही, पुण्याची."