उसना राखणदूत

"सरकून बसा, शेजारी तुमचा राखणदूत बसलाय," असं रविवारच्या धर्मवर्गात सिस्टर एकदा म्हणाल्या. ताई तेव्हा आठ वर्षांची होती, मी पाच. मी ते वाक्य घरी पोचेपर्यंत विसरले. ताई मात्र तेव्हापासून प्रत्येक बाकावर, खुर्चीवर आणि बसच्या सीटवर कडेला अंग चोरून बसते, आणि उरलेल्या जागेवरून होणारी भांडणं मी मिटवते. मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते, असं वकीलबाई म्हणाल्या. पण पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं, त्याला मी काय करू?

तर मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, चष्म्याच्या दुकानातली कारागीर, लिहून ठेवते की येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, माझं डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. वैताग आहे. पण वैताग म्हणजे दबाव नव्हे, एवढं वकीलबाईंना विचारून घेतलं आहे.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या माझ्यामागे आमच्या थोरल्या भावाच्या मुलीला मिळाव्यात. तिला घरात सगळे चिमणी म्हणतात, जरी ती आता दोन मुलांची आई आणि एका वॉर्डची मुख्य नर्स असली तरी. ताई मात्र जिवंत असेपर्यंत इथेच राहील, तिला कुणीही हलवू नये. चिमणीने एकच करावं, दाराला ओढलं की आपोआप लागणारं कुलूप बसवावं. ताई कडी लावत नाही. राखणदूत दारात उभा असताना कडी लावली तर त्याला काय वाटेल, असं तिचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी आमची इस्त्री आणि माझे नवे बूट चोरीला गेले, तेव्हा ताई शांतपणे म्हणाली की माणसं तर नेली नाहीत ना. माणसं न्यायला कोण येतंय? बूट मात्र पायाला छान बसले होते.

कलम २. गॅसची शेगडी काढून टाकावी आणि विजेची घ्यावी. ताई दूध ठेवते आणि विसरते. गेल्या वर्षी तिसऱ्यांदा दूध उतू जाऊन आच विझली, घरभर वास, आणि ही जपमाळ हातात घेऊन डुलक्या काढतेय. मी धावत जाऊन बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या. ती जागी झाली आणि म्हणाली, "बघ, दूताने बंद केला."

"मी केला, ताई. मी. या हाताने."

"हो गं. पण तुला त्या वेळी घरी कुणी पाठवलं?"

दुकानात काचा संपल्या म्हणून मी लवकर आले होते. हे तिला सांगून उपयोग नाही. काचा कुणी संपवल्या, असं विचारील.

कलम ३. बँकेत जे असेल ते ताईच्या औषधपाण्याला.

कलम ४. माझी अवजारं. फ्रेम वाकवायची पक्कड आणि भिंगाची पेटी दुकानातल्या नव्या मुलीला द्यावी, तिचा हात हलका आहे. सर्वांत बारीक पेचकस मालकांना. बावीस वर्षं ते तो "जरा" म्हणून न्यायचे आणि मी तो त्यांच्या खिशातून परत आणायचे. आता असू दे खिशात.

काच घासायचं चाक मी स्वतःच सोडलं, त्याचं कारणही लिहून ठेवते. ताई रस्ता ओलांडताना इकडेतिकडे बघत नाही. अकरा वर्षांपूर्वी एका ट्रकसमोरून तिला खेचताना माझा खांदा निखळला. ताईने चर्चमध्ये राखणदूतासाठी मेणबत्ती लावली. खांदा माझा, मेणबत्ती त्याला. हे मी अजून विसरलेले नाही. पण पुढचे सहा महिने रोज संध्याकाळी माझा खांदा तिनेच शेकला, हेही इथे नोंदवते, नाहीतर मृत्युपत्र खोटं ठरेल.

याबाबत मी फादरांकडे तक्रार केली होती. त्यांनी ताईला समजावलं, की प्रत्येकाला राखणदूत असतो ही ख्रिस्तसभेची शिकवण खरी, पण दार उघडं ठेवा असं ख्रिस्तसभेने कुठेही म्हटलेलं नाही. ताई घरी येऊन म्हणाली, फादर अजून तरुण आहेत.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला मला दूत घेऊन गेले वगैरे कुणी म्हणू नये. झडप खराब होती.

साक्षीदार : १. वर उल्लेख केलेले तरुण फादर. २. खालच्या मजल्यावरचे केमिस्ट. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली, चहा घेतला.
स्थळ : आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. तारीख : १० नोव्हेंबर, शुक्रवार.
(सही)

ता. क. सहीच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नसते, असं वकीलबाई म्हणतात. म्हणून हे इथे लिहिते.

शुक्रवारी वरच्या सह्या झाल्या, त्या संध्याकाळी ताई माझ्या पलंगाशी आली आणि म्हणाली, "माझा राखणदूत तुला दिला. तिथे दोघं असलेले बरे."

"आणि तुझं काय?"

"मी राहीन सांभाळून."

दुसऱ्या दिवसापासून कडी लागते. गॅसचं बटण ती तीन तीनदा बघते. चाळीस वर्षं मी घसा कोरडा करून जे झालं नाही, ते एका रात्रीत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण काल खिडकीतून पाहिलं, ती कोपऱ्यावरून पाव आणायला निघाली होती आणि रस्त्याच्या कडेला पिशवी छातीशी धरून कितीतरी वेळ उभी होती. रस्ता मोकळा होता, तरी पाऊल उचलेना. ताईला घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

ताई, हे तुला वाचून दाखवत असतील तर मी परत आलेले नाही. तू म्हणशील, ती तिकडे नवखी आहे, असू दे त्याला तिच्याजवळ. फादरांचंही ऐकणार नाहीस, माझं तर कधीच ऐकलं नाहीस. तरी मागते. तुझा राखणदूत आजच्या आज परत बोलावून घे.