आधी कुलूप, मग आवाज

कर्जत, ९ फेब्रुवारी २०२५

आवडीमावशी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तुम्ही दिलेले वाल भिजवले, सोलले. बिरडं आईला आवडलं. दुपारचं ऊन आता लागायला लागलं आहे.

फोन केला असता. पण फोनवर मी वेगळंच बोलले असते, म्हणून लिहिते आहे.

प्रवीण आमच्या कार्यालयात आला होता. बसला नाही. मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाला, "हा आमच्या आयशीचा आवाज हाय ना? टपरीवर पोरं लावून बसल्यात. एकजण मला विचारतोय, आज आयशीनं काय रांधलं रं?"

मी म्हणाले, मशीनची चूक झाली.

मशीन चुकलं नव्हतं. बायकांच्या मुलाखतींचा आमचा संग्रह संगणकावर आहे. त्यात 'खाजगी' असा एक प्रकार होता. कुलूप त्या प्रकाराला होतं, म्हणून त्यातल्या मुलाखती बाहेर दिसत नसत. तो प्रकार मुलाखतींसकट काढायचं ठरलं. दोन रीती होत्या. एकीत आधी एकेक मुलाखत पुसायची, प्रकार शेवटी. तोवर सगळा संग्रह बंद. दुसरीत प्रकार लगेच जातो, मुलाखती मागून सवडीने पुसल्या जातात, आणि काहीच बंद ठेवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहाचं उद्घाटन होतं. माझा सहकारी अनुपम म्हणाला, "ताई, सावकाशीची रीत घेऊ. एक दिवस बंद राहिलं तर काय बिघडतं?"

"पाहुण्यांना काय, बंद दार दाखवू?" मी म्हणाले.

प्रकार गेला, त्याच्याबरोबर कुलूप गेलं. तुमचा आवाज मागे उघडा राहिला. पोशीरच्या पोरांनी गावाचं नाव टाकून शोधलं.

इथवर चूक म्हणता येईल.

मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन आला होता. "ते ह्यांचं बोलले ते पुसून टाक गं. तोंडातून गेलं." मी "पुसते" म्हणाले. तुमची एकटीची मुलाखत पुसायला क्षणभर लागला असता. मी ती कुलपात ठेवली.

"ते गेले तवा मला रडू नाय आलं. माणसं पांगली, मी भात वाढून घेतला नि पोटभर जेवले."

असं माझ्यासमोर कुणी बोललं नव्हतं. काम संपल्यावर मी ते लावून ऐकत असे.

काल संग्रह बंद ठेवला. अनुपमच्या रीतीने सगळं पुसलं. पोरांच्या मोबाइलमधलं माझ्या हातात नाही.

तुमची सून छाया भेटली. म्हणाली, प्रवीण तुमच्या हातचं खात नाही.

शुक्रवारी मोहोपाड्याला त्याच्या कारखान्याच्या गेटवर जाणार आहे. मशीन नव्हतं, मी होते, एवढं सांगेन. तुम्ही तसं का बोललात, असं त्याने विचारलं तर माहीत नाही म्हणेन. ते खरंच आहे. इतक्यांदा ऐकलं, पण तुम्हाला विचारलं कधीच नाही.

पोशीरला तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही.

प्रणिता