हात पाठीमागे

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुईत दोरा ओवत होतीस, तेव्हा बाबा म्हणाले होते, दे इकडे, तुला नाही जमायचं. तुझी नजर तेव्हा नुकती अधू होऊ लागली होती. बाबांना न सांगता शेजारणीकडून लिहून घेतलेलं तुझं पत्र वाचलं आणि तेच वाक्य आठवलं. दवाखान्यातल्या तुझ्या चौकशीच्या खिडकीवर कॉम्प्युटर आलाय, महिनाअखेर परीक्षा, आणि जमलं नाही तर ती खिडकी दुसऱ्या कुणाची.

रजा काढून येते. पण आमच्या वाचनालयात मी अंधांना कॉम्प्युटर शिकवते, त्या वर्गाचा नियम तुलाही लागू. कॉम्प्युटर वाचून दाखवेल ते ऐकायचं, बटणं आपली आपण दाबायची, शिकवणारीचे हात पाठीमागे. रडलीस तरी पाठीमागेच.

लाडकी आणि दुष्ट,
धाकटी


२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः टाइप केलंय. शेजारीण रुसली आहे. आपल्या घरातलं तिला आता काहीच कळत नाही.

तू इथे होतीस तेव्हा मनातल्या मनात तुला किती शिव्या घातल्या! त्या कॉम्प्युटरचा आवाज म्हणजे सर्दी झालेली मास्तरीण, आणि तू शेजारी ढिम्म. पण खिडकी माझीच राहिली गं. काल एक मुलगी रडत आईला शोधत आली. मी नाव टाइप केलं, कान लावला आणि सांगितलं, दुसरा मजला, दाराजवळची खाट. आभार मानायलाही न थांबता ती पळाली. मी मात्र बसल्या जागी उंच झाले.

बाबा हल्ली फोन घेऊन माझ्यामागे घुटमळतात. शिकायचंय, पण विचारणार कसे? मीच बसवलं. माझे हात कुठे होते, ओळख.

लोभ वाढव, नियम कमी कर.
ताई


२० जुलै

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद.

मी बोलतोय आणि फोन लिहितोय. मध्ये खोकलो ते त्याने गाळलं, शहाणा आहे.

परवा दवाखान्यात गेलो, काही होत नसताना. ताईच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहिलो. तिने आवाज ओळखला आणि सगळ्यांदेखत दटावलं, काम नसेल तर मागच्यांना वाट द्या. मागच्या माणसाला मी सांगितलं, ही माझी मुलगी. त्याने विचारलं नव्हतं.

तुम्हा दोघींवर किती जीव आहे हे लिहायची मला सवय नाही, समजून घे.

आता फक्त पाठवायचं राहिलंय. बटण सापडलंय, पण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं तर? ताई शेजारीच बसली आहे, हात पाठीमागे. तिला म्हणतो, एवढं एक तू दाब. नाहीच म्हणेल ती.