पेट्रोल महागलं म्हणून

फुजैरा
१५ ऑक्टोबर २००५

प्रिय ताई,

नमस्कार. तू, दाजी आणि मुलं बरी असाल. आईचा गुडघा थंडी पडायच्या आत दाखवून घे, दरवर्षीसारखं संक्रांतीवर ढकलू नकोस. आम्ही इकडे ठीक. रमजान चालू आहे, त्यामुळे दुपारी सगळं सामसूम असतं. ओवी मजेत आहे, उंच झाली आहे.

भाजणीचा डबा आणि तुझं पत्र मिळालं. भाजणी उत्तम. पत्राचं उत्तर मुद्दामच उशिरा लिहिते आहे. लगेच लिहिलं असतं तर तू ते शेवटपर्यंत वाचलं नसतंस. आजही रागातच लिहिते आहे, पण निदान अक्षर तरी सरळ येतंय.

तू लिहितेस, "सदानंदरावांचा फोन आला होता. तिकडे पेट्रोल फार महागलं म्हणे. अशा वेळी बाईनं जरा कमी फिरावं, यात एवढं रागवण्यासारखं काय आहे?"

सांगते काय आहे ते.

गेल्या महिन्यात गॅलनमागे दीड दिरहम वाढला, एका झटक्यात. म्हणजे आपले अठरा रुपये. गणपतीच्या जेवणाला सगळे मराठी लोक जमले होते, तर पुरुषांच्या पंगतीत दुसरा विषयच नाही. "अरे, चौऱ्याण्णव सालचे पंप आठवतात का? नुसतं उभं राहायचं! काच पुसणार, ऑइल बघणार, हवा भरणार, वर टिश्यूचा डबा फुकट." "आणि टाकी फुल्ल करून यल्ला, चला खोर फक्कानच्या समुद्रावर!" सदानंदचा आवाज सगळ्यांत मोठा. हातातला मोदक तसाच, आणि डोळे पाणावायचे बाकी होते. मी वाढत होते. मनात म्हटलं, तुम्हाला काय आठवतंय रे? तुम्हाला तेव्हाही कुणी अडवत नव्हतं, आताही नाही.

ते दिवस मला यांच्यापेक्षा जास्त आठवतात.

शहाण्णव साली मला लायसन्स मिळालं, चार वेळा नापास होऊन. जुनी छोटी गाडी सदानंदनेच घेऊन दिली, कारण ओवीला डॉक्टरकडे नेणं आणि मला बाजारात सोडणं याला तो कंटाळला होता. पंप रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या मागेच होता. दोन मशिनं आणि वर पत्र्याची शेड. मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा टाकीचं झाकण कुठल्या बाजूला असतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. उलट्या बाजूने गाडी घातली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला रडू यायचं बाकी होतं.

निळ्या युनिफॉर्ममधला एक माणूस पुढे आला, त्याने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं आणि चक्क मराठीत म्हणाला, "बाई, झाकण पलीकडे आहे. घाबरू नका. मी सांगतो तशी मागे घ्या." मागच्या गाड्यांना त्याने हात करून थांबवलं. मी दार उघडायला लागले तर म्हणाला, "उतरायचं नाही. तुम्ही बसा, हे आमचं काम."

लांज्याकडचा रामचंद्र. पुढे कित्येक वर्षं माझ्या गाडीचं सगळं त्यानेच बघितलं. खिडकी चार बोटं खाली करायची, 'फुल्ल' म्हणायचं, की झालं. तो एवढंच विचारायचा, "आज डोंगराकडे का? मग पाणी बघतो." कशाला, कुणाकडे, परत केव्हा, हे त्याने कधी विचारलं नाही. गाडी गरम होऊ नये एवढीच त्याला काळजी.

आणि घरीही कुणी विचारत नव्हतं. टाकी भरायला लागायचे ते बाजारातल्या भाजीइतकेच पैसे. ओवीला शाळेत सोडायची आणि निघायचं. धैदची खजुराची बागायत मागे टाकली की रस्ता मोकळा. मग मसाफी, मग ते काळे डोंगर, आणि उतरलं की फुजैराचा समुद्र. तिथे लांब जहाजं उभी असतात तेल घ्यायला. मी गाडीत बसून डब्यातली पोळीभाजी खायची आणि ओवी सुटायच्या आत परत. मला वाटायचं, सदानंदचा माझ्यावर विश्वास आहे. तो विश्वास नव्हता गं. पेट्रोल स्वस्त होतं, एवढंच.

पुढे तो पंप पाडून मोठा बांधला. लायनी वाढल्या, काचेचं दुकान आलं, भर की पुढे ढकल. काच पुसा म्हटलं तर मागचा हॉर्न मारतो. रामचंद्र दिसेनासा झाला. गावी गेला की त्याला काढलं, विचारलं तर कुणाला धड माहीतही नव्हतं. अशा माणसाचा पत्तासुद्धा आपण घेतलेला नसतो.

तर भाव वाढला आणि दुसऱ्या दिवसापासून सदानंद गाडीचा मीटर बघायला लागला. "आज एवढे कसे झाले?" चहाच्या आधी हा प्रश्न. मग म्हणाला, तुझ्या गाडीत मीच पेट्रोल भरत जाईन. दर दोन-तीन दिवसांनी थोडंसं, शाळा आणि बाजार होईल एवढंच. घरभाडं वाढलंय, त्याचा पगार तिथेच आहे, हे मला कळत नाही असं नाही. पण त्याच्या स्वतःच्या गाडीची टाकी फुल्लच असायची. मी बघत होते.

एक दिवस मी तरीही निघाले. मसाफीच्या थोडं अलीकडे गाडीने मान टाकली. सप्टेंबरचं दुपारचं ऊन, आजूबाजूला दगड आणि बकऱ्या. सदानंदला फोन केला.

"गाडी बंद पडलीय. पेट्रोल संपलं."

"कुठे?"

सांगितलं.

"तिकडे काय करतेस?"

"अरे, फार ऊन आहे, कॅन घेऊन ये ना."

"तिकडे काय करतेस, ते विचारतोय मी."

तो आला, ऑफिसमधल्या एका मित्राला बरोबर घेऊन. कॅन हातातच, आणि आधी त्याने काय केलं असेल? मागचं दार उघडून सीटवर बघितलं. डिकी उघडली. मग त्या मित्रासमोर मला विचारलं, "कोण होतं बरोबर?" तो मित्र बिचारा बकऱ्यांकडे बघत उभा राहिला.

"कुणी नव्हतं."

"मग आलीस कशाला?"

"सहज."

"सहज? इतक्या लांब सहज?"

घरी येऊन त्याने तुला फोन केला. आणि ताई, तू मला लिहिलंस ते काय? "लोक काय म्हणतील", "मुलगी मोठी होतेय", "असं काही असेल तर मला तरी सांग". उन्हात किती वेळ होतीस, पाणी होतं का जवळ, एवढंही तुला विचारावंसं वाटलं नाही? तो बाहेरचा, त्याचं सोड. तू मला लहानाची मोठी केलीस.

म्हणून आता नीट वाच. कुणी नव्हतं. कधीच कुणी नव्हतं. फार तर कधी रुकय्याकडे चहा घेतला असेल. रोल्लाला आमच्या शेजारी राहायची ती, म्हसळ्याची. नवऱ्याला फुजैराच्या बंदरात नोकरी लागली म्हणून इकडे आली. बहुतेक वेळा तिच्याकडेही गेले नाही. नुसती गाडी चालवली, समुद्र बघितला, परत आले. माझा एखादा प्रियकर असता तर तुम्हा दोघांना निदान समजलं तरी असतं. बाई सहज कुठे जाते, तिला एकटं बसायला बरं वाटतं, हे तुमच्या डोक्यात शिरतच नाही!

पुढचं तुला माहीत आहे, कारण ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. "दिवाळीला ये, थोडी विश्रांती घे." सदानंदने तिकीट आणून टेबलावर ठेवलं. मी खूश झाले होते गं, खरंच. आईला भेटायचं म्हणून काय न्यायचं याचा विचार करत होते. मग बघितलं तर परतीचं नावच नाही.

"परतीचं?"

"पुढचं पुढे बघू. भाडं झेपत नाहीये. ओवीची शाळा चांगली आहे, ती राहील इथे."

"आणि मी?"

"प्रभाताईंशी बोलणं झालंय माझं."

तुझं नाव त्याने असं टाकलं, पत्त्यांमध्ये हुकुमाचं पान टाकावं तसं. मी त्याच्याशी भांडले नाही. तूच त्याच्या बाजूने, मग कुणाच्या जोरावर भांडणार?

दुसऱ्या दिवशी ओवीला शाळेतून घेतलं आणि पंपावर गेले. काटा तळाला होता. खिडकी खाली केली, म्हटलं, "फुल्ल." तिथला माणूस गाडीचा नंबर बघून घुटमळला. "मॅडम, साहब ने बोला है, इस गाडी में उनके बिना नहीं डालना."

मला आधी कळलंच नाही. "पैसे मैं दे रही हूँ ना?"

"मॅडम, सुपरवायझर को बोलके गया है साहब. मैं क्या करूँ?"

त्या माणसाचा काही दोष नाही. पण ताई, माझ्या नवऱ्याने पंपावर जाऊन सांगून ठेवलं होतं, उधारी बुडवणाऱ्याबद्दल दुकानदाराला सांगावं तसं. जिथे नऊ वर्षं मी 'फुल्ल' म्हटल्यावर कुणी वर बघितलं नव्हतं, तिथे.

मी गाडीतून उतरले. त्या मशिनला मी कधी हात लावलेला नव्हता. नळी ओढली, तोंड टाकीत घातलं आणि खटका दाबला. सुपरवायझर दुकानातून पळत आला, "मॅडम, नो, नो, खलास!" मागे हॉर्न. ओवी खिडकीतून, "मम्मा, स्टॉप इट! एव्हरीवन इज लुकिंग!" टाकी कधी भरली ते मला कळलं नाही, पेट्रोल उतू गेलं, सलवारीवर, चपलांवर. पैसे त्याच्या हातात कोंबले. सुट्टेही घेतले नाहीत.

गाडीत बसले तर ओवी दप्तर घेऊन उतरलेली.

"ओवी, आत बस."

"आय ॲम गोइंग होम."

"बाळा, बस. आपण रुकय्यामावशीकडे जाऊ."

"नो. यू ऑल्वेज गो."

एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. बिल्डिंग समोरच. ती दारातून आत जाईपर्यंत मी बघत राहिले. मागचे हॉर्न वाजवत होते. मी तिच्यामागे जायला हवं होतं का? तू म्हणशील, हो. मी गाडी डोंगराकडे घातली. सगळ्या वाटेत अंगाला पेट्रोलचा वास येत होता.

वर लिहिलं आहे की ओवी मजेत आहे. ते खोटं आहे. ती तिच्या बाबांकडे आहे आणि मी गेल्या आठवड्यापासून रुकय्याच्या घरी. इथल्या शाळेत रुकय्या शिकवते. गणिताची बाई बाळंतपणासाठी गेली होती, मला एक तास घ्यायला लावला आणि ठेवून घेतलं. इतकी वर्षं ट्रंकेत पडलेली बी.एड. कामाला आली. सदानंद फोनवर म्हणाला, "व्हिसा कॅन्सल करीन." म्हटलं, कर. शाळा स्वतःच्या नावावर नवा व्हिसा काढून देते म्हणालीय. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे. मग म्हणाला, "शुक्रवारी ओवीला आणतो."

काल आणलं. गाडी फाटकाबाहेर, इंजिन चालू. "सहा वाजता येतो," एवढंच. त्याच्या शर्टाला इस्त्री नव्हती. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाच भयंकर राग आला.

ओवी आणि मी समुद्रावर बसलो. तिने मोठ्या माणसासारखं विचारलं, "इज देअर समवन?"

"नाही."

"देन व्हाय?"

मी मराठीतच सांगितलं. म्हटलं, "मी कुठे जाते हे सांगायची मला लाज नाही. पण रोज कुणी विचारायला लागलं ना, की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं." तिला किती समजलं कुणास ठाऊक. वाळूत बोटाने रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "बाबा इज नॉट ईटिंग प्रॉपरली." रुकय्याने रोजा सोडायला केलेले समोसे मी तिच्यासाठी डब्यात बांधले, बाबांसाठीही. जाताना ओवीने माझ्याकडे बघितलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी पोहायचे कपडे आणू का, असं गाडीत बसता बसता विचारलं. मी "आण" म्हणेपर्यंत काच वर गेली होती.

दिवाळीला मी येत नाही. तिकीट या पाकिटात घातलं आहे. ते तुझ्या सल्ल्याने काढलेलं, तूच ठेव. सदानंदचा फोन आला तर त्याला माझ्याबद्दल काहीही कबूल करू नकोस. माझ्या वतीने आता कुणाशी बोलणं 'करायचं' नाही.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस, असं लिहिणार होते. लिहीत नाही. तिच्याजवळ बस आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखव, तुझ्याबद्दलचं आहे तेही न गाळता. ती काय म्हणते ते मला कळव. तुला काय वाटतं ते कळवायची घाई नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि तरीही तुझीच,
लतिका