भोंग्याला सवलत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

नगर जिल्ह्यातल्या तमाम कोड तपासणाऱ्या बंधू-भगिनींनो! कोड लिहिणाऱ्याचं नाव होतं, विकणाऱ्याचा सत्कार होतो, आणि ओळ न् ओळ तपासून देणाऱ्याला चहासुद्धा सगळ्यात शेवटी मिळतो. हे आपण किती दिवस सहन करायचं?

(वही माझी, वाचणारा मीच. पण सुरुवात दणदणीत झाली की पुढचं पान आपोआप भरतं. व्यासपीठावरचाही हाच अनुभव.)

आज काकासाहेबांनी मला कर्नेलचा मुख्य तपासनीस केलं. काकासाहेब आमच्या कंपनीचे मालक. एमआयडीसीत शेड, माल एकच : बिबट्याची पेटी. उसाच्या कडेला खांबावर बसवायची. आत कॅमेरा आणि छोटा कॉम्प्युटर, वर भोंगा. कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की भोंगा वाजतो, वस्ती सावध होते. त्या कॉम्प्युटरचा गाभा म्हणजे कर्नेल. मेमरी कुणाला द्यायची आणि कुणाकडून काढून घ्यायची हे तोच ठरवतो. त्या भागातला कुठलाही बदल, म्हणजे पॅच, यापुढे माझ्या मंजुरीशिवाय पेटीत जाणार नाही.

संकल्प : रोज सकाळी आधी पॅच वाचायचा. बाकी सगळं नंतर.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला पॅच सुकन्याचा. तिसगावची मुलगी, दोन वर्षं आमच्याकडे आहे. बोलते कमी.

तक्रार अशी : काही पेट्यांत मेमरी संपली की कर्नेल भोंग्याचा प्रोग्रामच मारून टाकतो. मेमरी संपली की त्याला कुणाला तरी मारावंच लागतं. जास्त खाणारा शोधतो आणि मारतो. न्यायी पद्धत आहे. सुकन्याचं म्हणणं, भोंग्याला यातून सूट द्या.

सूट! म्हणजे व्हीआयपी पास. रांगेतल्या माणसाला ऊन आणि पासवाल्याला मागचं दार. मी राहात्याकडचा. देवदर्शनाला जाणाऱ्या पासवाल्यांच्या गाड्यांची धूळ खात वाढलोय. निदान कर्नेलच्या दारात तरी सगळे समान असले पाहिजेत. पाच पानी रिव्ह्यू लिहिला. रोमचं सिनेट आलं, फ्रेंच राज्यक्रांती आली. शेवटचा शब्द : नामंजूर.

सुकन्या म्हणाली, सर, रोम ठीक आहे, पण ऐन वेळी भोंगा वाजला नाही तर? मी म्हणालो, भोंग्यानं कमी खावं. ती हसली नाही. विनोद कळायला वाचन लागतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आमच्या वस्तीवर पेटी बसली. राहात्यापासून आत, चारी बाजूंनी ऊस. उद्घाटनाचा वक्ता मीच. "मायबापहो, आजपासून तुमची राखण ही पेटी करणार! हातातल्या काठ्या चुलीत घाला!" टाळ्या थांबेनात.

कडूबाई चुलती पहिल्या रांगेत बसली होती. आई-वडील गेल्यावर मला तिनंच वाढवलं. माझं पहिलं भाषण तिनं गोठ्यात ऐकलं. श्रोते दोनच, ती आणि गाय. आज जवळ येऊन म्हणाली, "लई ग्वाड बोलतोस रं भागवता. आता बिनघोर जाते गोठ्याकडं." आणि घरी जाऊन काठी खरोखरच चुलीत घातली. त्यावर तापलेल्या पाण्यानं मी हातपाय धुतले. शब्दाची ताकद ही अशी.

तिचा मुलगा कानिफनाथ म्हणाला, "दादा, काठी ऱ्हाऊ दिली असती तर काय बिघडलं असतं?" कानिफ लहानपणापासूनच शंकेखोर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सुकन्याचा पॅच सुधारून आला. सकाळी वाचणार होतो, पण पारनेरकडे एक दहावा होता. आमच्या भागात दहाव्याला पिंडदानाबरोबर भाषणंही लागतात, आणि श्रद्धांजलीला माझ्याइतकी मागणी दुसऱ्या कुणाला नाही. मी गेलो नाही तर पुढारी बोलतात. गेलेल्या माणसाला त्यांच्यापासून वाचवणं हेही कामच.

परत आल्यावर पॅचवरचं निवेदन, म्हणजे काय बदललं ते सांगणारा मजकूर, वाचला. "कॅमेऱ्याच्या मेमरीचा हिशेब दुरुस्त केला." बस्स, एवढंच. ना पार्श्वभूमी, ना भावना. असल्या लिखाणानं कोण पेटून उठणार? निवेदन पुन्हा लिहायला सांगितलं.

खालचा कोड उद्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गेल्या शुक्रवारी सुकन्या टेबलाशी आली होती. म्हणाली, सर, तुमचंच ऐकलंय. भोंग्याची सूट काढून टाकली. खरी गोष्ट अशी की कॅमेऱ्याचे फोटो ज्या मेमरीत पडतात, ती कुणाच्याच नावावर लागत नाही. म्हणून कर्नेलला वाटतं भोंगाच जास्त खातोय. मी म्हणालो, सोपं करून सांग. ती म्हणाली, पंगतीत एक जण पाठीमागं डबे भरतोय, त्याच्या ताटात मात्र एकच पोळी. वाढपी फक्त ताटं बघतो आणि शेजारच्याला अधाशी म्हणून उठवतो. मी वाढप्याला डबे मोजायला लावलेत, एवढंच.

उपमा उत्तम. लगेच टिपून घेतली. काल शेवगावच्या दहाव्याला वापरली, माणसं रडली.

पॅच परत पाठवला. शेरा : इतकी चांगली पंगत निवेदनात का नाही?

संकल्प : या आठवड्यात कोड वाचायचाच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कानिफचा फोन. बिबट्यानं मोत्याला नेलं. "न्हाई वाजला भोंगा, दादा. नुसता पेटीचा दिवा लुकलुकत हुता." मी समजावलं, कुत्रं लहान, बिबट्या चपळ, कॅमेऱ्याच्या कोनात आला नसेल. कानिफ म्हणाला, "खांबाखालूनच नेलाय." आवाज रडवेला होता म्हणून मी वाद वाढवला नाही.

मोत्या गुणी होता. माझ्या भाषणात कधी भुंकला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पॅच तिसऱ्यांदा आला. निवेदनात पंगत घातली आहे. आता वाचताना ती जरा जास्त वाटते. तांत्रिक लिखाणाला गांभीर्य हवं. तसं कळवलं. सुकन्याचं उलट उत्तर एका ओळीचं : "सर, कोडवर काही?"

उद्धटपणा. पण मी मोठ्या मनाचा आहे. उत्तर दिलं नाही.

दुपारी काकासाहेबांनी बोलावलं. "भागवतराव, त्या पोरीचं काय अडलंय? पेट्यांच्या तक्रारी यायला लागल्यात." मी म्हणालो, घाईनं साम्राज्यं बुडालेली आहेत. ते म्हणाले, "साम्राज्यांचं ठाऊक नाही, माझी शेड तेवढी बुडवू नका." आम्ही दोघं हसलो. म्हणजे मी हसलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चुलतीनं स्वतः फोन केला. "कालवड गेली रं. भोंगा झोपला हुता का?" मी म्हणालो, काकू, अजिबात काळजी करू नको, मी जातीनं लक्ष घातलंय. "मग झालं. तू बघतोस म्हणल्यावर." मग तिनं विचारलं, "दुसरी काठी करून घेऊ का?"

मी तिला नीट समजावलं. काकू, लोक बघतायत. पेटीचं उद्घाटन मी केलं, आणि माझ्याच चुलतीच्या हातात काठी दिसली तर पेटीवर विश्वास कोण ठेवील? ती म्हणाली, "तेबी खरं."

खेड्यातल्या माणसाला तत्त्व समजावता येतं. आपण वेळ द्यायला हवा.

आज पॅच जवळजवळ उघडला होता. तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी असते, पण मूडला नसते.

२ डिसेंबर, मंगळवार

सुकन्यानं आज सगळ्यांसमोर विचारलं, सर, फाइल उघडली का? मी म्हणालो, मी पॅच नाही, प्रवृत्ती तपासतो. शेडमधले सगळे आपापल्या स्क्रीनकडे वळले. वाक्य लागलं होतं.

संकल्प : गुरुवारी. गुरुवार चांगला.

४ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळी साडेसात

कानिफचा फोन. काकूवर बिबट्यानं झडप घातली. तिन्हीसांजेला धार काढायला निघाली होती. भोंगा वाजला नाही. टेम्पोत घालून नगरला आणतायत.

काकासाहेबांना सांगून एका दवाखान्यात ओळखीनं बेड धरून ठेवला. बाहेर आधीपासून दोघं जण आपापला पेशंट घेऊन बसले होते. त्यांना थांबायला सांगितलं. त्यातला एक माझ्याकडे बघत राहिला.

हा पास नव्हे. ही माणुसकी.

६ डिसेंबर, शनिवार

काकू गेली.

८ डिसेंबर, सोमवार

सुकन्या वस्तीवर जाऊन पेटी उघडून आली. कर्नेलनं भोंग्याला गुरुवारी दुपारीच मारलं होतं. कॅमेरा मात्र चालू होता, फोटो पडत होते. तिनं माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

बिबट्याचे चार फोटो, स्पष्ट. पाचव्यात काकू. एका हातात चरवी. दुसरा हात मोकळा.

मी विचारलं, कॅमेऱ्याचा कोन बरोबर होता का? सुकन्यानं लॅपटॉप मिटला आणि गेली.

दहाव्याचं भाषण लिहायला घेतलं. आजवर शेकडो माणसांसाठी बोललो, आता घरच्या माणसासाठी बोलायचं. हे जन्मातलं सर्वोत्तम व्हायला हवं. गोठ्यातल्या पहिल्या भाषणापासून सुरुवात करतो. तिसऱ्या पानावर पंगत येईल.

१५ डिसेंबर, सोमवार

पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर दहावा. गर्दी चांगली. प्रवचन झालं. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. चेअरमननी काकूचं नाव चुकवलं. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, उपरणं सारखं केलं, खिशातून कागद काढले. नऊ पानं.

कानिफ पिंडापाशी बसला होता, डोक्याचा गोटा केलेला. तो उठून आला आणि माइक माझ्या आधी त्यानं हातात घेतला. म्हणाला, "दादा, तू नको."

हळू म्हणाला. पण माइक चालू होता. सगळ्या घाटानं ऐकलं.

बसलो. दुःखात माणूस भलतंच बोलून जातो. मी त्याला मनातल्या मनात क्षमा केली. नंतर जेवायला बसलो तर माझ्या शेजारचं पान रिकामंच राहिलं. लोक उभे राहिले, पण तिथं बसले नाहीत.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज पॅच उघडला.

अकरा ओळी. समोरचा चहा निवायच्या आत वाचून झाल्या. बरोबर आहेत. त्यात सूट नाही, पास नाही. जो खातो त्याच्या नावावर लावा, एवढंच म्हटलंय. मी पाच पानांत जे मागितलं होतं, तेच.

"मंजूर" असं लिहून पाठवलं. उत्तर आलं, गरज नाही. काकासाहेबांनी पुण्याच्या एका बाईंकडून तपासून घेतला, पॅच कालच मुख्य कोडमध्ये गेला. त्याच्या वर आणखी एक बदल दिसला. तपासनिसांच्या यादीतून एक नाव काढलंय. बदल सुकन्याचा, निवेदन एका ओळीचं : "न वाचणाऱ्याचं नाव काढलं."

निवेदनात दोष सापडला नाही.

सुकन्या समोरून चालली होती. विचारलं, आमच्या वस्तीवरच्या पेटीत हे कधी जाईल? ती म्हणाली, माणूस नव्या कोडचं कार्ड घेऊन एकेका खांबावर चढतो सर, राहात्याची पाळी पुढच्या महिन्यात. म्हणजे तोवर तिथला भोंगा तसाच. मुका. आणि दिवा लुकलुकतोय म्हणून लोकांना वाटणार की चालू आहे.

कानिफला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला, कट केला त्यानं. वस्तीच्या ग्रुपवर लिहायला गेलो, तर ग्रुपमध्ये मी नाही. काकासाहेबांना म्हणालो, तुम्ही सांगा. ते म्हणाले, सांगतो, आणि दुसऱ्या फोनवर बोलायला लागले.

घाटावर माइक मिळाला असता तरी नऊ पानांत हे वाक्य नव्हतंच. मघापासून शोधतोय, खरंच नाही. आता सुचलंय तर ऐकायला कुणी नाही. म्हणून इथं.

मायबापहो, पेटीवर विसंबू नका. काठी घेतल्याशिवाय गोठ्याकडं जाऊ नका.