न उघडलेल्या पेट्यांची किंमत

बाबा, पुढच्या महिन्यात मी कस्टममधून निवृत्त होतेय. ऑफिसात केक कुठला आणायचा यावर चर्चा झडतायत, आणि मला मात्र गेले आठ दिवस तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या गावात, मोरव्यातही आता मला तुझी पोर म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. इथं मी राहते त्या बेव्हर्ली पार्कात तर मी नुसती 'मॅडम'. तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. राहिली कसली, मीच ती सांगितली नाही.

आपलं मोरव्याचं स्वयंपाकघर आठवतं. रविवार आहे, तू बनियनवर कोलंबी सोलत बसलायस आणि मी समोर कायद्याचं पुस्तक उघडून. मिठागर सोडून कस्टममध्ये शिरलेला आपल्या घरातला तू पहिला. गोदीत पेट्या उघडून माल तपासण्यात तुझी सगळी नोकरी गेली. मी मात्र परीक्षा देऊन थेट टेबलावर बसलेली. परदेशातून आलेल्या मालाची बिलावरची किंमत बरोबर आहे की नाही, हे बघणं माझं काम, कारण ड्युटी, म्हणजे आयातीवरचा कर, त्या किमतीवर बसते. वर्षभरातच मला वाटायला लागलं होतं की सगळे व्यापारी लबाड, किंमत कमी दाखवून सरकारला टोपी घालणारे. तू मान वर न करता बोललास, "सगले तसे नसतात गो. त्यानं जे पैसे मोजले तीच किंमत खरी धरायची. शंका हाय? त इचार. तो कागद दावल, तो वाच. तरी पटत न्हाय? मंग पेटी उघड. पन आपल्या मनाला आली ती किंमत लावायची न्हाय." पुस्तकात हेच चार पानं भरून लिहिलं होतं. मी ती पानं पाठ केली होती, तेवढंच.

मग तो गोडदेवचा मणीवाला आला. इमिटेशनच्या माळा करायचा, आजूबाजूच्या दहाबारा बायका त्याच्याकडून मणी घरी नेऊन ओवायच्या. त्यानं पहिल्यांदाच बाहेरून काचेचे मणी मागवले होते, आणि बिलावरची किंमत इतरांच्या मण्यांच्या जेमतेम निम्मी. झालं, मला चोर सापडला. तुलना करायची तर माल तसाच हवा, दर्जा तोच हवा, साधारण तेवढाच आणि त्याच सुमाराला आलेला हवा, हे मला माहीत होतं की. पण दोन्ही कागदांवर 'काचेचे मणी' लिहिलंय एवढं बघून मी दुसऱ्याची किंमत याला लावायला निघाले. तो बिचारा पत्रं घेऊन आला, बँकेतून पैसे पाठवल्याची पावती घेऊन आला. "मॅडम, तिथली कंपनी बंद होतेय, हा त्यांचा उरलासुरला माल आहे, सगळे रंग मिक्स. एक पेटी उघडून तर बघा ना." मी म्हटलं, बघू. गोदी दूर होती, ऊन मी म्हणत होतं आणि मला कंटाळा आला होता. दुसरं काही कारण नव्हतं, बाबा.

तीन दिवस गेले. माल पडून राहिला की बंदराचं भाडं चढतं, ते ड्युटीपेक्षा जड होतं. त्याचा माल सोडवून देणारा एजंट माझ्यादेखत त्याला म्हणाला, "छोडो ना सेठ, मान लो, मॅडमसे कौन लडेगा?" आणि त्यानं लिहून दिलं की वाढवलेली किंमत मला मान्य आहे, लेखी आदेश नको. असा कागद मिळाला की किंमत का वाढवली हे आम्हाला लिहावं लागत नाही. ही सोय ऑफिसात सगळ्यांच्याच आवडीची.

संध्याकाळी मी ऐटीत तुला सांगितलं. तू सगळं ऐकून एवढंच विचारलंस, "पेटी उघडलेलीस?" मी म्हटलं, "हो. चांगला माल होता." आणि तू किती खूश झालास रे! पुढच्या रविवारी तू तुझं गोदीतलं भिंग आणून माझ्या हातात ठेवलंस, म्हणालास, "आता हे तुझं." ते घेताना मी मान खाली घातली. तुला वाटलं, पोरीला भरून आलं. त्यानंतर तू तीन वर्षं होतास. तीन वर्षांत मला एक रविवार मिळाला नाही होय?

त्याचं पुढं काय झालं, तेही ऐक. एकदा वाढीव किंमत कबूल केली की पुढच्या मालाला तीच पुरावा म्हणून दाखवतात. त्याच्या दुसऱ्या खेपेला माझ्याच सहकाऱ्यानं ती दाखवली. तिसरी खेप आलीच नाही. कारखाना बंद झाला, ओवणाऱ्या बायका दुसरीकडं गेल्या. मी मात्र त्यानंतर पेट्या उघडायला लागले, इतक्या की ऑफिसात माझी थट्टा व्हायची. कितीतरी जणांची बिलावरची किंमत मी आहे तशी मान्य केली. त्यांचं भलं झालं, त्याचं नाही.

काल मी गोडदेवला गेले. त्याचं आता बांगड्या-टिकल्यांचं छोटं दुकान आहे, केस पार पिकलेत. मी कोण ते सांगितलं तर त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मी माफी मागायच्या तयारीनं गेले होते. तोच आधी बोलला, "मॅडम, तेव्हा मला लई राग आलेला. मग विचार केला, तुम्ही पेट्या उघडून बघितल्या असणार, म्हणूनच किंमत वाढवली. मलाच मालाची पारख नव्हती. नंतर परत इम्पोर्टच्या नादाला लागलो नाही." आणि हसला.

बाबा, मी चहा प्यायले आणि हो म्हणून मान हलवली.

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून तर एवढं खरं लिहिता आलं. खरं म्हणजे हे त्या मणीवाल्याला सांगायला हवं. रिक्षानं पंधरा मिनिटं लागतात, आणि आज त्याचं दुकान उघडं आहे.